शेवंतीचा भाव

आमच्या डेस्कवरच्या कॉम्प्युटरमध्ये ‘तयार’ नावाचं एक फोल्डर आहे. बाहेरच्या माणसाला वाटेल, उद्याच्या पानांचा मजकूर असेल. त्यात जिवंत माणसांचे मृत्युलेख असतात. कुणी मोठा माणूस दवाखान्यात दाखल झाला की वृत्तसंपादक जाता जाता म्हणतात, ‘अमक्यांचं बघून ठेव.’ मग आम्ही बघून ठेवतो. नोकरीला लागले तेव्हा हे करताना अपराधी वाटायचं. आता चहा पीत पीत लिहिते.

उरुग्वेचे माजी अध्यक्ष होसे मुहिका या फोल्डरमध्ये आले ते २०२४च्या एप्रिलअखेरीस. अन्ननलिकेत गाठ असल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. पुढच्या जानेवारीत, रोग यकृतापर्यंत गेलाय, आता उपचार नकोत, मला शांतपणे जाऊ द्या, असंही त्यांनीच सांगितलं. मी फाइल उघडून दोन ओळींची भर घातली आणि ती बंद केली.

१३ मे २०२५ला मी रात्रपाळीला होते. दुपारीच दहावीचा निकाल लागला होता. म्हणजे विभागवार टक्केवारी, मुलींची बाजी आणि पेढा भरवणाऱ्या आयांचे फोटो. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी होऊन तीनच दिवस झालेले, त्याची दोन पानं. दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीशपदाची शपथ घेणारे भूषण गवई अमरावतीचे, त्यामुळे ते पहिल्या पानावर. विदेशाच्या पानावर निम्मी जाहिरात. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्त्या सुटल्या होत्या, मी डबा धुऊन आले आणि बारा वाजून गेल्यावर फ्लॅश पडला. उरुग्वेचे अध्यक्ष यामांदू ओर्सी यांनी मुहिका गेल्याचं जाहीर केलं होतं. तिकडे अजून दुपार होती.

मी पाव पान मागितलं. वृत्तसंपादकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पगारवाढ मागितली.

‘सिंगल कॉलम. दहा सेंटीमीटर. वीस मिनिटांत पान सोडायचंय.’

माझा लेख होता नऊशे शब्दांचा. बसणार होते जेमतेम एकशेवीस.

पहिली चूक आमच्या मुद्रितशोधक काकांनी काढली. मी मोठ्या हौशीनं ‘नव्वदी पार केलेले मुहिका’ असं लिहून ठेवलं होतं. फोल्डरमधल्या माणसाचं वय आपण पुढचं धरून चालतो, ही या धंद्यातली वाईट खोड. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘जन्म २० मे १९३५ ना गं? मग नव्वदी कुठे? आठवडा बाकी होता माणसाचा.’ मी ‘वयाच्या ८९व्या वर्षी’ केलं. ‘ते तरी कसं?’ काका म्हणाले. ‘८९ पूर्ण झालेली. नव्वदावं चालू होतं.’ काकांचं व्याकरण बरोबर होतं, पण घड्याळ त्यांच्या बाजूनं नव्हतं. शेवटी नुसतंच ‘(८९)’ लिहून कंसात पळवाट काढली. आडनाव पान लावणाऱ्या मुलानं ‘मुजिका’ केलं होतं, ते मी ‘मुहिका’ केलं आणि कापायला बसले.

आधी गेलं लहानपण. राजधानी माँटेविडिओच्या कडेची वस्ती, वडील लवकर गेलेले, आई आणि मुलगा फुलं पिकवून विकतात. मग गेले साठच्या दशकातले तुपामारो, शहरात राहून लढणारे डावे गनिम. बँका लुटायचे, माणसं पळवायचे. मुहिका त्यांच्यातलेच, आणि मी लेखात हे झाकलं नव्हतं. या संघटनेनं १९७०मध्ये डॅन मित्रिओन या अमेरिकी अधिकाऱ्याला ठारही केलं होतं. मुहिका म्हटलं की आपल्याकडे लगेच साधू उभा करतात. हा साधू कमरेला पिस्तूल लावून फिरायचा. त्याच वर्षी एका बारमध्ये पोलिसांशी झालेल्या झटापटीत त्यांना सहा गोळ्या लागल्या.

पुढचा परिच्छेद कापताना मात्र हात अडला. सप्टेंबर १९७१मध्ये पुंता कार्रेतास तुरुंगातून शंभराहून जास्त कैदी भुयार खणून पळाले, त्यात मुहिका होते. त्याच तुरुंगाचा १९९४मध्ये मॉल झाला. ही ओळ मला फार आवडायची. गेली.

मग १९७३. जूनमध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि सप्टेंबरमध्ये तुपामारोंच्या नऊ म्होरक्यांना तुरुंगातून उचललं. तोवर पुन्हा पकडले गेलेले मुहिका त्यांत होते. बाहेर कुणी काही केलं तर यांना मारू, अशी धमकी. म्हणून त्यांचं नावच पडलं ओलीस. दहा वर्षांहून जास्त काळ त्यांना एका छावणीतून दुसरीत हलवत राहिले. एकांतात, काही काळ तर जमिनीखालच्या खड्ड्यात. वाचायला काही नाही, बोलायला कुणी नाही. मुहिका नंतर सांगायचे की मुंगी कानाशी धरली तर ती ओरडते हे त्यांना तिथे कळलं. लष्करशाही संपल्यावर मार्च १९८५मध्ये ते माफी मिळून सुटले. या सगळ्याचं मी ‘सुमारे १४ वर्षे तुरुंगवास’ केलं. चार शब्द. मुंगीला जागाच नव्हती.

घड्याळात पाऊण. पुढचं भराभर कापलं. १९९४ला खासदार, तेव्हाचा किस्सा असा सांगतात की स्कूटरवरून संसदेत आले, तर पार्किंगच्या रखवालदारानं विचारलं, किती वेळ थांबणार? ‘हाकललं नाही तर पाच वर्षं.’ मग कृषिमंत्री, आणि १ मार्च २०१०ला अध्यक्ष. शपथ दिली त्यांच्या बायकोनं, लुसिया तोपोलान्स्की यांनी. सर्वाधिक मतं मिळालेल्या यादीतल्या पहिल्या सिनेटर म्हणून तो मान त्यांचा होता. त्याही जुन्या तुपामारो, त्याही तुरुंगात राहिलेल्या. अख्खी पुरवणी निघेल असं जोडपं. गर्भपात, समलिंगी विवाह आणि गांजा यांविषयीचे कायदे एका वाक्यात कोंबले. शिक्षणात फार काही करता आलं नाही, सरकारी विमान कंपनी बंद पडली, ही टीकाही उडाली.

राहता राहिला मथळा.

वृत्तसंपादकांनी स्वतःच टाइप केला: ‘जगातील सर्वात गरीब अध्यक्षाचे निधन’.

मी म्हटलं, ‘सर, हे त्यांना चालायचं नाही. मी गरीब नाही, ज्याला खूप लागतं तो गरीब, असं ते रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचा हवाला देऊन सांगायचे.’

‘त्यांना चालायचा प्रश्न आता उरलाय का?’ सर म्हणाले. ‘हे बघ, मुहिका म्हटल्यावर सांगलीच्या वाचकाला काय कळणार? अख्खा देश पुण्याच्या लोकसंख्येत मावेल. गरीब अध्यक्ष म्हटलं की तो वाचेल तरी.’

सर चुकत नव्हते, हीच पंचाईत होती. पगारातला ९० टक्के वाटून टाकणारा, पत्र्याच्या छपराखाली राहणारा, २०१०च्या विवरणात मालमत्ता म्हणून १९८७ची एक फोक्सवॅगन बीटल दाखवणारा माणूस. त्याला दुसरं काय म्हणणार? पण त्यांच्याकडे जमीन होती, घर होतं, बायको होती, मॅन्युएला नावाची तीन पायांची कुत्री होती. ते राहत होते शेतकऱ्यासारखे, कारण ते शेतकरी होते. गरीब आपण म्हणायचं, कारण अध्यक्ष कसा राहतो याचं चित्र आपण आधीच ठरवलेलं.

तडजोड अवतरणचिन्हांवर झाली. ‘गरीब’ हा शब्द दोन चिन्हांच्या आड उभा राहिला. आमच्या धंद्यात जबाबदारी टाळायची ती सर्वात स्वस्त जागा.

शेवटची दुरुस्ती पुन्हा काकांची. ‘हे क्रिसँथेमम काय लिहिलंयस?’

‘फूल आहे काका. शेतावर तेच पिकवायचे, विकायचे.’

‘अगं, शेवंती गं!’

वर्षभर ती फाइल माझ्याकडे होती. शेवंती मला सुचली नव्हती. शब्द बदलल्याबरोबर रिंकोन देल सेर्रोचं ते शेत एकदम जुन्नरच्या अलीकडे आलं. एक ओळ मोकळी झाली, त्या ओळीत मॅन्युएला बसली: तिला पुरलेल्या जागेशेजारीच आपली राख जावी, ही मुहिकांची इच्छा. एक वाजून चार मिनिटांनी पान सुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसला आले तर डेस्कवरचा फोन वाजत होता. बातमी वाचून कुणा शेतकऱ्यानं केला होता. सरन्यायाधीशांवर नाही, दहावीवर नाही, त्या दहा सेंटीमीटरवर.

‘मॅडम, ते अध्यक्ष शेवंती लावायचे असं दिलंय तुम्ही.’

‘हो.’

‘पांढरी का पिवळी? आणि तिकडं भाव काय मिळतो?’