तांग राजवटीचे स्वप्न आणि दू फूचे गळके छप्पर

चिनी हेवी मेटलचा, म्हणजे दणदणीत रॉक संगीताचा, विषय निघाला की बीजिंगच्या ‘तांग डायनॅस्टी’ या बँडचे आणि स्वप्नातून तांग काळात (सातव्या ते दहाव्या शतकातल्या चिनी राजवटीच्या काळात) परतण्याविषयीच्या त्यांच्या गाण्याचे नाव आधी घेतले जाते. बँड १९८८ मध्ये स्थापन झाला आणि १९९२ साली आलेल्या पहिल्या अल्बमला याच गाण्याचे नाव मिळाले. गतवैभवाचा अभिमानगजर म्हणून ते ऐकले जाते, पण मला त्यात अभिमानापेक्षा हळहळ अधिक जाणवते.

गाण्यातले स्वप्न सम्राट शुआनझोंगच्या काइयुआन कालखंडाचे, म्हणजे ७१३ ते ७४१ या वर्षांचे आहे. (आपल्या परिचयाचा ह्युएनत्संग तांग राजवटीतलाच, पण त्याआधीच्या शतकातला.) शेतात राबणारे पुरुष, विणकाम करणाऱ्या स्त्रिया, गजबजलेला रेशीममार्ग असे भरल्या राज्याचे चित्र शब्दांत उभे राहते, मात्र त्याच गाण्यात शेवंती, जुनी तलवार आणि मद्य यांच्या शेजारी कॉफीही येते आणि स्वप्न पाहणारा आजच्या गोंगाटातच उभा असल्याचे कळते.

या गाण्याची खरी कलाकुसर मला त्यातल्या पठणात दिसते. बँडचा गायक दिंग वू एरवी अतिशय उंच, ताणलेल्या स्वरात गातो. इथे मात्र तो गाणे थांबवून पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्यातल्या नटासारखे शब्द लांबवत, हेलकावे देत बोलू लागतो. या पठणात आठव्या शतकातला कवी दू फू याच्या ओळी गुंफलेल्या आहेत. पहिली ओळ काइयुआनच्या भरभराटीची आठवण काढते, पण ती लिहिली गेली तेव्हा ७५५ मध्ये सुरू झालेल्या सेनापती आन लुशानच्या बंडाने ती भरभराट धुळीस मिळवलेली होती. शेवटची ओळ तर हजारो प्रशस्त घरे कुठून आणावीत, असे विचारते. ज्या कवितेतून ती घेतली आहे, तिच्यात शरदातल्या वादळाने दू फूच्या झोपडीचे गवती छप्पर उडवून नेले आहे, अंथरुणावर पाणी गळते आहे आणि अनेक वर्षे वापरलेले पांघरूण लोखंडासारखे गार पडले आहे. अशा रात्री तो स्वतःसाठी नव्हे, तर जगातल्या सर्व गरीब विद्वानांसाठी निवारा मागतो.

म्हणजे विसाव्या शतकातला गायक ज्या सुवर्णकाळाचे स्वप्न पाहतो, त्याच्यासाठी तो शब्द उसने घेतो ते सुवर्णकाळ हातचा गेलेल्या माणसाकडून. हा संदर्भ ठाऊक असला की ल्यू यीज्युनची वेगवान गिटार आणि झाओ न्यानचे ड्रम विजययात्रेसारखे वाटेनासे होतात आणि दिंग वूचा उंच स्वर आरोळीऐवजी हाकेसारखा ऐकू येतो. झांग ज्यूच्या बास गिटारकडेही मुद्दाम लक्ष द्यावे, कारण १९९५ मध्ये मोटारसायकल अपघातात त्याचा मृत्यू झाला आणि या चौघांचा हा एकच पूर्ण अल्बम आपल्या हाती राहिला.