पुणे–मुंबई–पुणे : एक दिवस, माणशी साडेसातशे रुपये

पुण्याहून मुंबईला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर सकाळच्या गाडीचा विचार नंतर करा, आधी परतीची गाडी पक्की करा. सकाळी पुण्यातून कोणीही उत्साहाने निघतं. खरी अडचण संध्याकाळची असते. सीएसएमटीहून पुण्याकडे यायला सोयीच्या गाड्या तीनच : प्रगती ४.२५ ला, डेक्कन क्वीन ५.१० ला आणि सिंहगड ५.५० ला. त्यानंतरच्या गाड्या सोलापूर, हैदराबादच्या दिशेने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या. त्या पुण्यात आणून सोडतात, पण मध्यरात्रीच्या आगेमागे, आणि मग स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. दिवसभर वाचवलेले पैसे तिथे जातात.

आम्ही तिघी होतो : मी, मावशी आणि माझी मावसबहीण. मावशी सत्तरीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारे, पण चालायची हौस दांडगी. तिच्यामुळे एक गोष्ट आपोआप ठरली, ती म्हणजे धावपळ नको. मुंबईतला एकच तुकडा निवडायचा आणि तोच नीट बघायचा. सिद्धिविनायक, हाजीअली, राणीबाग, जुहू असं सगळं एका दिवसात कोंबणाऱ्यांचा दिवस टॅक्सीत जातो आणि पैसेही तिथेच जातात. आम्ही फोर्ट निवडलं, कारण ते सीएसएमटीच्या दारातच आहे.

जाता-येता डेक्कन क्वीनच घेतली. पुण्याहून सव्वासात, सीएसएमटीला १०.२५. संध्याकाळी ५.१० ला निघून पुण्यात साडेआठच्या सुमारास. हातात साडेसहा तास उरतात आणि फोर्टला ते पुरतात. सेकंड सीटिंगचं आरक्षित तिकीट एका बाजूचं सव्वाशेच्या आसपास पडतं. एसी चेअर कार याच्या साधारण तिप्पट, आणि काचेच्या छताचा व्हिस्टाडोम तर कितीतरी महाग. घाट बघायला व्हिस्टाडोम लागतो असं माझं मत नाही. सेकंड सीटिंगची खिडकी उघडते, वारा आत येतो, पावसाळ्यात धबधब्याचे तुषारही येतात. बंद काचेआड बसून ते कसं कळणार?

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारचं हवं असेल तर त्याच आठवड्यात उरकून टाका. मंगळवार-बुधवारला जरा उशीर चालतो. विनाआरक्षित तिकिटात पंधरा-वीस रुपये वाचतात, पण बरोबर वयस्कर माणूस असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि पासधारकांच्या डब्यात चुकूनही चढू नका. तिथे वर्षानुवर्षं रोज जाणारी मंडळी असतात, कोणाची जागा कुठली हे कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं, आणि नवख्याने बूड टेकलं की शांतपणे, अगदी सभ्य पुणेरी शब्दांत त्याला उठवलं जातं.

अजून पहाटेची हवी असेल तर सिंहगड ६.०५ ला निघते आणि दहाच्या आधी पोचवते. पिंपरी-चिंचवडकरांना तीच बरी, चिंचवडलाच चढता येतं. मात्र कोथरूडकडच्यांनी लक्षात ठेवा, मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, म्हणजे सिंहगडसाठी तिचा उपयोग नाही. क्वीनसाठी आहे : वनाझहून सहाची मेट्रो धरली की पुणे स्टेशनला चहा पिऊन गाडीत बसता येतं. आम्ही तसंच केलं, आणि रात्री परत येतानाही मेट्रोच.

दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली, आणि अजूनही दर १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. गाडीला डायनिंग कार आहे. तिथे बसून ऑम्लेट किंवा चीज टोस्ट खाणं हा वेगळा सोहळा आहे, पण तो बजेटातला नाही. मावशीने पोळीचे रोल आणले होते. मी म्हटलं, ‘‘मावशी, एका दिवसाला डबा कशाला गं?’’ तर म्हणाली, ‘‘तुला नको तर खाऊ नको.’’ लोणावळ्याच्या आत डबा रिकामा झाला, आणि त्यात माझा हात सर्वांत पुढे होता.

लोणावळा सुटलं की झोपू नका. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. चढ इतका तीव्र की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. उतरताना मंकी हिलला गाडी थांबते ती कोणाला चढवायला-उतरवायला नव्हे, ब्रेक तपासायला. मग ठाकूरवाडी, जांब्रुंग अशी फक्त रेल्वेवाल्यांच्या नकाशात राहणारी नावं पाट्यांवर दिसत जातात. जागोजागी मुख्य रुळांतून फुटून टेकाडावर चढणारे आणि तिथेच संपणारे रूळ दिसतील. गाडीचा ताबा सुटलाच तर तिला तिकडे वळवून थांबवायची ती सोय आहे. संध्याकाळी चढताना कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या थांब्यात दिवाडकरांचा वडापाव घेता येतो. सुटे पैसे हातात ठेवा, आणि डब्यातून उतरायची गरज नसते, वडेवाले खिडकीशी येतात.

सीएसएमटीला उतरल्यावर पहिलं काम : वेटिंग रूमचं स्वच्छतागृह वापरून घ्या. बायकांनी तर नक्कीच. फोर्टमध्ये त्यानंतरची खात्रीची सोय थेट संग्रहालयात.

मग लगेच निघू नका, इमारत बघा. रोज लाखो माणसं तिच्या पोटातून धावतात आणि फारच थोडी मान वर करतात. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केला, काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ : सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडं, घुबडं, आणि घुमटाच्या टोकावर हातात मशाल धरलेली बाई. हे सगळं नीट दिसतं ते रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला गेल्यावर. रस्ता मात्र भुयारी मार्गानेच ओलांडा. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. मावसबहीण म्हणाली, ‘‘आपल्याकडे एवढ्यासाठी लोक लंडनला जातात.’’ जाऊ देत बापडे.

जेवण आम्ही लवकर उरकलं, साडेअकराला. स्टेशनजवळ पेरीन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला आहे. साधी बाकडी, गरम पुऱ्या, बटाट्याची भाजी. दीडशे रुपयांत माणूस पोटभर जेवतो. एकनंतर तिथे ऑफिसवाल्यांची झुंबड उडते, म्हणून लवकर. इराण्याचा चहा आणि बनमस्काच हवा असेल तर धोबीतलावाला कयानी आहे, १९०४ पासूनचं. पण ते उलट्या दिशेला, म्हणून आम्ही सोडलं.

पंचमचा पेरीन नरिमन स्ट्रीटच पकडून सरळ दक्षिणेला गेलं की हॉर्निमन सर्कल. गोल बागेत झाडांची दाट सावली आहे, मावशीला तिथे बसवलं. समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा, पांढऱ्या खांबांचा आणि रुंद पायऱ्यांचा. बागेच्या दुसऱ्या अंगाला सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ चं, मुंबईतल्या सर्वांत जुन्या इंग्रजी इमारतींपैकी. आत गेलात तर भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिलेख वाचा. विशी-पंचविशीत इथल्या तापाने नाहीतर समुद्रात गेलेल्या गोऱ्यांची नावं आहेत. तिकीट नाही.

तिथून हुतात्मा चौक पाच मिनिटांवर. १८६४ चं कारंजं आणि त्याच्याजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. पुण्याची पोरं इथे येतात आणि फक्त कारंज्याचा फोटो काढतात, याचा मला राग येतो. असो. पुढे ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. टॉवरला पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि आईचं नाव दिलं. आईला दिसत नव्हतं, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम पाळायला घड्याळाचे टोले उपयोगी पडत, असं सांगतात. मावशीला ही गोष्ट फार आवडली, नंतर दिवसभर ती प्रत्येक घड्याळाकडे बघत होती.

काळा घोड्याला जहांगीर कलादालन फुकट, आणि आत गारवा. उन्हाळ्यात एवढ्यासाठी तरी जा. त्याला लागून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिकीट दीडशेच्या आसपास, आणि दिवसभरातला हा एकच मोठा ‘खर्च’. तो करावा का, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. माझं मत : करावा, पण सगळं संग्रहालय बघायचा हट्ट धरू नये. तळमजल्यावरचं शिल्पदालन आणि वरची लघुचित्रं, एवढ्याला दीड तास द्या आणि बाहेर पडा. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र न्यावं, सवलत मिळते. सोमवारीही हे उघडं असतं. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मात्र सोमवारी बंद.

गेटवेला गर्दी होती, नेहमीच असते. पंधरा मिनिटं पुरतात. घारापुरीच्या होडीचे दलाल अंगावर येतील, त्यांना हात जोडा. जायला तास, यायला तास, वर पायऱ्या, म्हणजे बाकी सगळा दिवस तिथेच. घारापुरी वेगळ्या दिवशी करा (सोमवार सोडून, तेव्हा लेणी बंद).

गेटवेहून सीएसएमटीला परतायला बेस्टचं साधं तिकीट कमीत कमी दहा रुपये, एसी बसचं बारा. तिघं असाल तर काळीपिवळीचा हिशेब करून बघा, मीटर एकतीसपासून सुरू होतं आणि एवढ्याशा अंतराला फार पळत नाही. आम्ही टॅक्सीच केली, मावशीचे गुडघे आता बोलायला लागले होते. दक्षिण मुंबईत रिक्षा नसतात, ती शोधत उभे राहू नका. भुयारी मेट्रोही आता कफ परेडपर्यंत सुरू आहे, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक दोन्हीकडे स्टेशन आहे. उकाड्यात तीही बरी. काहीही करा, पण साडेचारला स्टेशनात असा. लांब पल्ल्याचे फलाट पूर्वेकडच्या टोकाला आहेत, लोकलच्या बाजूने शिरलं की बरंच चालावं लागतं.

माणशी हिशेब असा झाला : गाडी दोन्ही बाजूंची अडीचशे, पुण्यातली मेट्रो पन्नासच्या आत, जेवण दीडशे, संग्रहालय दीडशे, टॅक्सी वाटून वीस, बाकी चहा, लिंबूपाणी आणि कर्जतचा वडापाव. साडेसातशेच्या आत. संग्रहालय गाळलं तर सहाशे.

मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त बघायचाच असेल तर क्वीन विसरा आणि रात्री दादरहून शिवनेरीने या. तिकीट पाचशेच्या वर असलं तरी एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, शिवनेरीतसुद्धा, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे, म्हणून घरातल्या मोठ्यांना घेऊन जाताना हा हिशेब करून बघा. आधारकार्ड जवळ असू द्या, कंडक्टर वयाचा पुरावा बघतो.

रविवार की मधला वार? रविवारी फोर्टमध्ये रस्ते मोकळे, इमारती निवांत बघता येतात, पण ऑफिसवाल्यांवर चालणारी बरीच खाण्याची ठिकाणं बंद, लोकलचा मेगाब्लॉक, आणि संध्याकाळच्या पुण्याच्या गाड्या तुडुंब. आम्ही बुधवारी गेलो आणि पुन्हाही मधलाच वार धरू. गाड्यांच्या वेळा निघायच्या आदल्या रात्री एकदा ॲपवर तपासा. पावसाळ्यात तर सकाळी पुन्हा तपासा : घाटात दरड आली की पुण्याच्या गाड्या सर्वांत आधी रद्द होतात. मुंबईत असताना तसं कळलं तर सीएसएमटीवर घोषणेची वाट बघत बसू नका. लोकलने दादर गाठा, पूर्वेला उतरा आणि एशियाडच्या, म्हणजे पुण्याच्या एसटी बसच्या, रांगेत उभे राहा. तासाभराने तीच रांग पुलापर्यंत गेलेली असते.