खरी कॉर्नरचा कॅमेरा आणि उद्यमनगरातलं शेड

गेल्या आठवड्यात भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जेवताना मोठ्या कंपन्या जिथं सुरू झाल्या त्या जागांचे एकेक फोटो मोबाईलवर दाखवत होता, हे बघ आत्या हे ते गॅरेज, हे ते घर, हे ते हॉटेल, नोकरी लागली की एकदा कॅलिफोर्नियाला जाऊन हे सगळं बघून येणार म्हणतोय. जा की म्हटलं, जरूर जा. पण मला त्याच्याशी यावर लय बोलायचं होतं आणि ते एका जेवणात मावलं नाही म्हणून इथं लिहितेय.

त्याच्या यादीत पहिलं होतं एचपीचं, म्हणजे ह्युलेट-पॅकार्ड या कॉम्प्युटर-प्रिंटरवाल्या कंपनीचं गॅरेज. पालो अल्टो गावात ॲडिसन ॲव्हेन्यू, घर नंबर ३६७. १९३८ मध्ये डेव्ह पॅकार्ड आणि त्याची बायको ल्युसिल तिथं खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, बिल ह्युलेट मागच्या अंगणातल्या खोपटात झोपायचा आणि काम गॅरेजमध्ये. भाडं महिन्याला ४५ डॉलर, भांडवल ५३८ डॉलर. तिथं त्यांनी ऑडिओ ऑसिलेटर बनवला, म्हणजे ठराविक कंपनाचा आवाज काढून ध्वनीची यंत्रं तपासायचं उपकरण, आणि त्याच्या पुढच्या मॉडेलचे ८ नग डिस्ने कंपनीनं घेतले. १९८९ मध्ये कॅलिफोर्निया सरकारनं या गॅरेजला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला, पुढं २००० साली ती जागा कंपनीनंच विकत घेतली आणि जुन्या रूपात नीट करून ठेवली. हे सगळं मला मनापासून आवडतं, एका साध्या लाकडी गॅरेजला एवढा जीव लावणं.

पण फोटोत फक्त गॅरेजच दिसतं. जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठ होतं, तिथले फ्रेड टर्मन सर या दोघांच्या पाठीशी लागले होते की तुम्ही स्वतःचं काहीतरी काढा, ऑसिलेटरची मूळ कल्पनासुद्धा ह्युलेटच्या तिथल्या अभ्यासातली. म्हणजे गॅरेज ही फक्त बसायची जागा, आणि खरं बळ चालत जाण्याच्या अंतरावर. ॲपलचं तेच, तिच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वोझनियाकनं स्वतः सांगितलंय की त्या प्रसिद्ध गॅरेजमध्ये आम्ही डिझाइन वगैरे काही केलं नाही. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे तिघं संस्थापक १९९३ मध्ये सॅन होजेच्या डेनीज नावाच्या साध्या हॉटेलात कॉफी घेत तासन्‌तास बसायचे, २०२३ मध्ये त्या टेबलापाशी पाटी लावलीय. आणि त्यातला जेन्सन हुआंग पोरवयात डेनीजच्याच दुसऱ्या एका हॉटेलात भांडी घासायचा, हे भाच्याला माहीत नव्हतं, ऐकून गप्पच झाला.

आता याच्या उलटी एक गोष्ट सांगते, मला सगळ्यात जास्त लागलेली. आपण रोज झेरॉक्स काढतो, सातबारा असो का मार्कलिस्ट. ते तंत्र ज्यानं शोधलं तो चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामात होता, नकला करून करून कंटाळलेला. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात एका साध्या खोलीत तो आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाय. जस्ताच्या प्लेटवर गंधकाचा थर, तो रुमालानं घासून त्यावर विद्युतभार आणायचा, काचेवर शाईनं लिहून ती काच वर ठेवायची, प्रखर दिवा धरायचा, मग एक बारीक पावडर टाकून फुंकर मारायची. जिथं अक्षर होतं तिथंच पावडर चिकटून राहिली आणि मेणकागदावर ते अक्षर उमटलं, "१०-२२-३८ ॲस्टोरिया". तारीख आणि जागा. २२ ऑक्टोबर १९३८. त्या माणसानं जागेचं नाव पहिल्याच नकलेत लिहून ठेवलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि एवढं करून पुढं काय, तर वीसपेक्षा जास्त कंपन्यांनी नको म्हटलं. १९४४ मध्ये बॅटेल नावाच्या संशोधन संस्थेनं हात दिला, १९४७ मध्ये हॅलॉइड ही छोटी कंपनी पुढं आली (तिचंच पुढं झेरॉक्स झालं), आणि ऑफिसात ठेवता येईल असं ९१४ नंबरचं मशीन आलं १९५९ मध्ये. २१ वर्षं! खोली होती, डोकं होतं, शोध लागलेला होता. कोपऱ्यावर "आण इकडं, बघू" म्हणणारं कोणी नव्हतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत वाढले म्हणून मला हे एवढं दिसतं बहुतेक. आमच्या पप्पांचं तिथं एकच लेथ असलेलं छोटं शेड होतं, जॉबवर्क करायचे, ऑइल इंजिनाचे पार्ट, पंपाचे शाफ्ट, जे येईल ते. शाळा सुटली की मी तिथंच, कूलंटचा वास आणि पायाखाली गरम बर, म्हणजे लोखंडाचा कीस. पण पप्पा एकटे काहीच पूर्ण करत नव्हते हे मला मोठं झाल्यावर कळलं. लाकडी पॅटर्न, म्हणजे पार्टचा लाकडी नमुना, दोन शेडं सोडून एक सुतारकाका करायचे, तो पॅटर्न सायकलच्या कॅरियरला बांधून फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाला जायचा, तिथून बिडाचं कास्टिंग परत आमच्याकडं टर्निंगला, मग ग्राइंडिंगला तिसरीकडं, हार्डनिंगला चौथीकडं. कुणाचं ड्रॉइंग चुकलं तर वाटेतच कोणीतरी ओरडून सांगायचं, अहो मिस्त्री ही भिंत पातळ पडतीय, तडकणार बघा. मोबदला नाही, बिल नाही, चहा फक्त. पुण्याबिण्याहून माणसं तुटका पार्ट फडक्यात गुंडाळून आणायची आणि संध्याकाळी नवीन घेऊन जायची. कोल्हापूरची ऑइल इंजिनं आणि पुढं गाड्यांची कास्टिंगं लांब लांब गेली ती अशा गल्ल्यांतून, एकट्या दुकट्या शेडातून नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी भाच्याला गाडीवर मागं बसवून खरी कॉर्नरला नेलं. तिथं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, हजार वेळा त्याच्या शेजारनं गेलाय पोरगा, विचारतो, "आत्या, हे कशाचं गं?"

बाबूराव पेंटर. मूळचं आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, सगळं स्वतःच शिकलेला. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघांना फाळक्यांचा सिनेमा बघून वेड लागलं, मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणून खेळ लावले आणि मग ठरवलं की कॅमेरा आपणच बनवायचा. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सोडलं नाही, विष्णुपंत दामले त्यांच्या हाताखाली होते, दोघांनी मिळून १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा केला. इथं, कोल्हापुरात. कॅमेऱ्यात फिल्म एका चौकटीपाशी क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, आणि फिल्म पुढं सरकली पाहिजे, हे सेकंदाला सोळा-सोळा वेळा, हातानं हँडल फिरवून. एक दाता जरा खाल्ला गेला तर पडद्यावर चित्र थरथरणार. ज्यानं कधी गिअर कापलाय त्याला विचारा हे काय काम आहे ते.

आणि पैसे? तानीबाई कागलकर, गाणाऱ्या बाई. त्या मागं उभ्या राहिल्या म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये पहिला चित्रपट आला. तानीबाईंचं नाव आपण फार कमी घेतो, मला ते खटकतं. याच कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि कोवळ्या वयाचे शांताराम तयार झाले आणि १९२९ मध्ये सीताराम कुलकर्णींना पैशाच्या बाजूनं सोबत घेऊन कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली, तिच्या त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. लोक ती जागा बघायला जातात. बरोबरच आहे, पण सुरुवात इथल्या पेठांमध्ये आहे.

भाचा म्हणाला, मग जिथं शेजारच नाही तिथं काय करायचं? प्रश्न चांगला होता. मी म्हटलं पुण्याला जाताना रेल्वेत किर्लोस्करवाडी लागते ना, तिथं बघ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना बेळगावात होता, नगरपालिकेला जागा हवी म्हणून उठावं लागलं, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळ दिला, निवडुंगाचा. १९१० ची गोष्ट. तिथं शेजार नव्हताच, तर त्यांनी कारखान्याबरोबर अख्खं गावच वसवलं. आणि शेजारावर उभं राहिलेलं बघायचं तर गिरगावात लोहाणा निवासची गच्ची, १५ मार्च १९५९, सात बायका, ८० रुपये उसने आणि पापडाची ४ पाकिटं. लिज्जत.

पप्पांचं शेड आता आमचं नाही, तिथं दुसऱ्या कुणाचं गोडाऊन आहे. तरी आम्ही त्या गल्लीत शिरलो. भाच्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला एक छोटा शाफ्ट पाहिजे होता, ऑनलाइन मागवणार होता, मी म्हटलं आधी इथं विचार. पप्पांच्या वेळचे एक मिस्त्री अजून आहेत, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मोबाईलमधलं ड्रॉइंग बघितलं, बोटांनी मोठं करून परत बघितलं, मग विचारलं, "बेअरिंग कुठलं बसवणार ह्यावर?" त्याला सांगता येईना. त्यांनी शेजारच्या शेडाकडं हात करून सांगितलं, आधी तिथनं बेअरिंग घेऊन ये, मग माप धरू, आणि पोरगं पळत गेलं.