हाफ टायमाची कडी

दरवर्षी मे महिना संपत आला की आमच्या तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं जातं : ‘शनिवारी रात्री फायनल. वर्गणी आणावी. हाफ टायमाला कडी लागेल.’ नवख्या माणसाला पहिली दोन वाक्यं कळतात. तिसऱ्याचा अर्थ विचारला की पोरं माझ्याकडं बोट दाखवतात.

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल आणि कोल्हापुरातल्या पेठेतली तालीम यांचा संबंध काय, असं ज्याला वाटतं त्यानं शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींची एक मॅच बघावी आणि मग बोलावं. इथं पेठेचा संघ म्हणजे घरचं कार्य. वर्ल्ड कपला गल्लीच्या या टोकाला ब्राझीलचा झेंडा आणि त्या टोकाला अर्जेंटिनाचा. महिनाभर दोन्ही टोकं एकमेकांकडं साखरसुद्धा मागत नाहीत.

फायनलला जमायची पद्धत पडली १९९९ साली. तेव्हा आम्ही सहाजण होतो आणि केबलचा टीव्ही एकट्या तात्यांकडं. बार्सिलोनाच्या कॅम्प नाउवर बायर्न म्युनिक नव्वद मिनिटं १-० नं पुढं होतं. मग भरपाईच्या वेळेत आधी शेरिंगहॅमनं बरोबरी केली आणि दोनेक मिनिटांतच सोल्शायरनं दुसरा गोल केला. मँचेस्टर युनायटेड जिंकलं आणि आम्ही मध्यरात्री दोनच्या पुढं असे काही ओरडलो की आतल्या खोलीतून काकू उठून आल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. पुढच्या वर्षापासून कार्यक्रम तालमीत.

तालीम म्हणजे खरोखरची तालीम, नावापुरती नव्हे. मधे लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुतीची तसबीर, कोपऱ्यात जोर करायच्या फळ्या आणि बिनवापराचे दोन दगडी गोळे. हौद्याच्या काठावर टेबल, टेबलावर तेव्हाचा एकवीस इंची टीव्ही, त्याच्या मागून छतापर्यंत गेलेली केबल. मातीत तेल, हळद, ताक मुरलेलं असतं. मे महिन्यात पाणी मारलं की तिचा जो वास सुटतो, त्या वासाशी माझ्या डोक्यात युरोपचा कप कायमचा जोडला गेलाय. हौद्यात पाय टाकून बसायचं नाही, चप्पल बाहेर, सिगारेट तर दाराच्या आसपाससुद्धा नाही. मारुतीच्या समोर मॅच बघतोय याचं भान ठेवायचं. शिव्यांच्या बाबतीत मात्र मारुतीनं बरीच सवलत दिलेली आहे.

खायला परातभर भडंग, वर कच्चा कांदा. आणि पहाटे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध. म्हशी कट्ट्यावर उभ्या, डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. ज्यांचा संघ हरला त्यांनी बिल द्यायचं, हा पहिल्या वर्षापासूनचा नियम. हल्ली फायनल शनिवारी असते, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळं सगळं ऐसपैस. पण ही चैन २०१० च्या माद्रिदच्या फायनलपासूनची. त्याआधी फायनल बुधवारी व्हायची. आपल्याकडं सव्वाबाराला सुरू, म्हणजे गुरुवार उजाडलेला, आणि सकाळी ज्याला त्याला कामाला पळायचं.

माझी पाळी सातची. शिरोलीला एका फौंड्रीत नुकताच लागलो होतो आणि आमच्या साहेबाला पाच मिनिटांचा उशीर अर्ध्या दिवसाएवढा वाटायचा. हे सांगतोय ते २००५ च्या मे महिन्याचं. इस्तंबूलचं अतातुर्क ऑलिंपिक स्टेडियम, मिलान विरुद्ध लिव्हरपूल.

त्या रात्री पेठेत एक नवल घडलं. मिलानकडं काफू, काका, दीदा, सर्जिन्यो असे ब्राझीलचे चौघे आणि वर अर्जेंटिनाचा क्रेस्पो. त्यामुळं गल्लीची दोन्ही टोकं इतिहासात पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली. तीसेक माणसं मिलानची. लिव्हरपूलचे पाच : तात्या, आमच्या संघाचा कीपर, कोपऱ्यावरचा न्हावी आणि कॉलेजची दोन पोरं. खरं तर लिव्हरपूलचा पक्ष घेण्यासारखं त्या साली होतंच काय? स्वतःच्या देशातल्या लीगमध्ये ते पाचवे आले होते. शहरातल्या शेजारी एव्हर्टनच्याही खाली.

भडंगाची परात फिरत होती तोवर पहिला गोल झाला. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. पिर्लोची फ्री किक आणि छत्तीस वर्षांच्या मालदिनीनं उजव्या पायानं हवेतच मारली. अर्ध्या लोकांनी गोल बघितलाच नाही, ते कांदा घेत होते. मग एकोणचाळीसाव्या मिनिटाला क्रेस्पो. हाफ टायमाच्या तोंडावर पुन्हा क्रेस्पो. तो तिसरा मी अजून विसरलो नाही. काकानं मैदानाच्या मधून असा पास सरकवला की लिव्हरपूलची अख्खी बचावफळी मधोमध फाडली गेली, आणि क्रेस्पोनं कीपरच्या वरून चेंडू अलगद उचलला. आमच्या गल्लीतला एक अस्सल ब्राझीलवाला उठून अर्जेंटिनावाल्याच्या गळ्यात पडला. असं दृश्य मी पुन्हा बघितलेलं नाही.

३-०. घड्याळात एक वाजून गेला होता. मी चप्पल शोधायला लागलो.

“कुठं चाललास रं?” तात्यांनी विचारलं.

“सकाळी पाळी हाय. आता काय राहिलंय तात्या? दुधाचं पैसं तेवढं काढून ठेवा.”

कीपर म्हणाला, “बस की भावा, पंचेचाळीस मिनिटं हायत अजून.” मी हसलो. हसलो हे महत्त्वाचं, कारण ते हसू मला गेली वीस वर्षं करून दाखवलं जातंय.

घरी जाऊन मी शांत झोपलो. साडेपाचला गजर लावला होता, कारण फुकटचं दूध सोडायचं नव्हतं. गंगावेशीत पोचलो तर आपली माणसं कट्ट्याला टेकून उभी. मिलानवाले जरा गप्प होते. मला वाटलं, जागरण. मी लांबूनच ओरडलो, “किती झालं शेवटी? चार का पाच?”

कोणी बोललं नाही. न्हाव्यानं रिकामा ग्लास पालथा ठेवला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हशीवाल्याला म्हणाला, “ह्येच्याकडनं घ्या पैसं. ह्यो राहिला हुता.”

मला ती चेष्टाच वाटली. पेठेत चेष्टेला तोटा नसतो. पैसे दिले, ते चेष्टा पुरी व्हावी म्हणून. सकाळच्या पेपरात निकाल नव्हता. आपल्याकडं तीनच्या सुमाराला संपलेली मॅच त्यात कुठून येणार? सात ते तीन मी अख्ख्या फौंड्रीला मिलान जिंकल्याचं सांगत फिरलो. एका पोऱ्याला तर क्रेस्पोचा तिसरा गोल साच्यातल्या वाळूवर बोटानं काढून दाखवला. तीन वाजता घरी आलो, टीव्ही लावला, तर बातम्यांत लाल शर्टातला लिव्हरपूलचा कप्तान जेरार्ड डोक्यावर कप धरून नाचतोय.

ती मॅच मी नंतर किती वेळा बघितली ते विचारू नका. कॉलेजच्या पोरांपैकी एकानं सीडी आणून दिली होती, तिच्यावर चरे पडेपर्यंत बघितली. चोपन्नाव्या मिनिटाला रीसाचा क्रॉस आणि जेरार्डचा हेडर. छप्पन्नाव्या मिनिटाला श्मिट्सरचा लांबून फटका. साठाव्या मिनिटाला गटुसोनं जेरार्डला पाडलं म्हणून पेनल्टी. आलोन्सोची ती पेनल्टी दीदानं अडवली आणि परत आलेला चेंडू आलोन्सोनंच वर ठोकला. सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत मी कूस बदलली असेल एखाद्या वेळेस.

तर आमच्या जमण्यात दरवर्षी मॅचच्या आधी तासभर त्या रात्रीचं पारायण असतं. मजा अशी की ऐकणाऱ्याला वाटावं हे सगळे वेगवेगळ्या मॅचला बसले होते.

तात्यांचा नायक हामान. त्यांची शिये भागात थोडी उसाची जमीन आहे, त्यामुळं त्यांचा फुटबॉल पाटाच्या पाण्यानं चालतो. “पैल्या हाफमदी काका नुसता वाहत हुता. दार कोण धरणार? ह्या जर्मनाला आणला आन् बारं बंद केलं.” हे बरोबरच आहे. लिव्हरपूलचा कोच बेनितेझनं हाफ टायमाला उजव्या बाजूचा फिनन काढला, हामानला मधे घातला आणि मागं तिघांची फळी केली. खरं तर त्यानं आधी त्राओरेला काढायचं ठरवलं होतं. तो बूट काढून आंघोळीच्या तयारीत होता, तेवढ्यात फिनन दुखावलाय असं कळलं आणि त्राओरेला परत बूट घालायला सांगितलं. ज्याच्या फाउलवर पहिला गोल बसला, त्याच त्राओरेनं पुढं मिलानच्या शेवचेंकोचा फटका गोलरेषेवरून परतवला. तात्या इथं थांबून चहा मागतात.

न्हाव्याला श्मिट्सरशिवाय काही दिसत नाही. क्यूएल दुखावला म्हणून तेविसाव्या मिनिटाला तो आत आला, क्लबसाठी त्याची ती शेवटची मॅच, त्यात गोल मारला आणि ३-३ राहिल्यावर टायब्रेकरमध्ये पेनल्टीही मारली. “जाणाऱ्या माणसानं असं जावं,” असं म्हणून न्हावी माझ्याकडं बघतो. जाण्यावरून काहीही निघालं की सगळे माझ्याकडंच बघतात.

आणि कीपर. तो सहा मिनिटांबद्दल बोलतच नाही. त्याची मॅच एकशे सतराव्या मिनिटाला सुरू होते. शेवचेंकोचा हेडर लिव्हरपूलचा कीपर दुदेकनं खाली झुकून अडवला, चेंडू पुन्हा त्याच्याच पायाशी, चार हातांवर गोल उघडा, शेवचेंकोनं जीव खाऊन मारला आणि तो दुदेकच्या वर झालेल्या हाताला लागून बारवरून गेला. कीपर हे उठून, हौद्याच्या काठावर उभं राहून करून दाखवतो. आता पंचावन्नचा आहे, गुडघा वाजतो, तरी दाखवतो. नंतर टायब्रेकरला रेषेवर नाचणारे दुदेकचे पाय. ते त्याला कॅरॅगरनं सांगितलं होतं, लिव्हरपूलच्याच जुन्या कीपरनं, ग्रोबेलारनं, १९८४ साली रोममध्ये केलं तसं कर म्हणून. सर्जिन्योनं बाहेर घालवली, पिर्लोची अडवली, आणि शेवटी पुन्हा शेवचेंकोचीच अडवली. दोन वर्षांपूर्वी मँचेस्टरला याच शेवचेंकोनं शेवटची पेनल्टी मारून मिलानला कप मिळवून दिला होता. टायब्रेकर ३-२, आणि लिव्हरपूलचा पाचवा कप.

एका गोष्टीवरून अजून भांडण होतं. हाफ टायमाला मिलानचे खेळाडू आत जिंकल्यासारखे नाचत होते, असं तात्या छातीठोक सांगतात. त्या संघातल्या लोकांनी हे पुढं ठाम नाकारलंय, आणि मलाही ते पटत नाही. मालदिनी काय पोरसवदा होता? तीन गोलांच्या आघाडीवर निवांत झालेला एक माणूस मात्र मला नक्की माहीत आहे.

कडीचा नियम त्याच्या पुढच्या वर्षी झाला. हाफ टायमाची शिट्टी झाली की तालमीच्या दाराला आतून कडी, मग गोलफलक काहीही असो. बाहेर जायचं असेल तर त्याच्या आधी. आणि कडी लावायचं काम कुणाचं, हे ठरवायला बैठकीची गरज पडली नाही. ती कडी जुनी, लोखंडी, हाताच्या पंजाएवढी. घालताना दोनदा अडकते आणि तिसऱ्यांदा खाडकन बसते. त्या आवाजाला सगळे टाळ्या वाजवतात.

२००७ ला अथेन्समध्ये हेच दोन संघ पुन्हा भिडले. इन्झागीनं दोन मारले, शेवटी शेवटी काउटनं एक फेडला, मिलान २-१. गंगावेशीत आम्ही तीस जणांनी पाच जणांच्या पैशानं दूध प्यायलं. हिशोबात तात्यांना फार महागात पडलं, पण ते वसूल करायचा आनंद वेगळाच. २०२० साली फायनल ऑगस्टमध्ये, लिस्बनला, रिकाम्या स्टेडियमवर झाली, आणि आम्ही आपापल्या घरी फोन धरून बसलो. हाफ टायमाला कुणीतरी व्हॉट्सॅपवर कडीचा फोटो टाकला. २०२३ ला फायनल पुन्हा त्याच अतातुर्क स्टेडियमवर होती, मँचेस्टर सिटी विरुद्ध इंटर. मॅच रटाळ. पण कॅमेऱ्यानं गोलपोस्ट दाखवला की कीपर नवीन पोरांना सांगायचा, “ह्योच तो पोस्ट,” आणि तात्या म्हणायचे, “न्हवं, पलीकडचा.”

परवा, म्हणजे २०२५ ला, म्युनिकची फायनल. पॅरिस विरुद्ध इंटर. आता टीव्ही भिंतीएवढा आहे, भडंगाबरोबर पिझ्झाही येतो, आणि निम्मी पोरं अशी की इस्तंबूलच्या वेळी जन्मलीच नव्हती. हाफ टायमाला २-० होतं. कडी लावली, टाळ्या झाल्या. त्रेसष्टाव्या मिनिटाला तिसरा, त्र्याहत्तराव्याला चौथा. तात्या भिंतीला टेकून घोरत होते. एक पोरगा हळूच माझ्याजवळ सरकला. पहाटेची पुण्याची गाडी पकडायची होती त्याला, पाठीला बॅग लावून तयार.

“काका, चार-झिरो झालंय. आता तरी काढा की.”

“बस.”

शहाऐंशीव्या मिनिटाला पाचवा गोल झाला. पोरग्यानं टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“चार मिनिटं हायत अजून,” मी म्हणालो.

तो बसला. तात्यांनी डोळे न उघडता विचारलं, “लिव्हरपूल किती?”