ट्रॉली जमा

2017 चा जून महिना. कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमधल्या एका किराणा दुकानात मी शिफ्ट सुपरवायझर होते. एच-फोर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या आमच्यासारख्या काहींना 2015 पासून काम करता येऊ लागलं होतं आणि ही माझी अमेरिकेतली पहिलीच नोकरी. त्या सोमवारी सकाळी पार्किंगमधल्या कार्ट, म्हणजे सामान ढकलत न्यायच्या ट्रॉल्या, मोजल्या तर एकवीस कमी भरल्या. एक कार्ट शंभर डॉलरच्या वर जाते. मॅनेजर म्हणाला, "आज ट्रकबरोबर तू जा. कुठून कुठून निघतात ते एकदा बघून ये."

गावभर पडलेल्या कार्ट गोळा करणारा एक ट्रकवाला आमच्याकडे यायचा. दुकानाने दिलेलं लेखी अधिकारपत्र त्याच्या ट्रकमध्ये कायम असायचं. दुसऱ्याची कार्ट उचलायची तर त्यालाही कागद लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. दोन कार्ट ओढ्याच्या काठावर गवतात आडव्या पडलेल्या मिळाल्या. एक फुटपाथच्या मधोमध होती. व्हीलचेअरवरची एक बाई ती चुकवण्यासाठी रस्त्यावर उतरत होती. ते बघून माझं डोकं तापलं. आपलं काम झालं की वस्तू जिथल्या तिथे टाकून द्यायची, याला काय म्हणावं! त्यात महानगरपालिकेने कार्ट उचलून कळवल्यावर दुकानाने तीन कामकाजी दिवसांत ती सोडवली नाही, आणि असं सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा झालं, तर पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास डॉलरपर्यंत दंड दुकानालाच.

दुपारी एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये पोचलो. कचऱ्याच्या डब्यांमागे आमच्या चार कार्ट एकात एक घालून ठेवल्या होत्या. पाचवी तळमजल्यावरच्या एका दारासमोर उभी होती, स्वच्छ पुसलेली, हँडलला फडकं गुंडाळलेली. शेजारी दुधाचा निळा क्रेट पालथा घातलेला आणि त्यावर तुळशीची कुंडी.

बेल वाजवली. धोतर-बंडीतले एक काका बाहेर आले. माझ्या एप्रनवरचं दुकानाचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मराठीत बोलले तेव्हा तर ते आणखीच संकोचले. आपल्याच माणसासमोर पकडलं गेल्यासारखं त्यांना झालं असावं.

"पोरी, चोरी नाही गं केली. रोज संध्याकाळी घेऊन येतो तिकडं. सामान घेतलं की परत हिच्यासाठी आणावी लागते."

आतून काकू भिंतीला धरत धरत आल्या. दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा आणि सून कामावर, नात डेकेअरमध्ये, गाडी चालवता येत नाही, दुकान मैलभर लांब. सहा महिन्यांसाठी आलेल्या या बाईला घराबाहेर पडायचा एकच मार्ग सापडला होता, तो म्हणजे आमच्या कार्टचं हँडल. "काठी घेतली की म्हातारी दिसते," त्या म्हणाल्या, "ट्रॉलीला धरून चाललं की कसं, बाजाराला निघाल्यासारखं वाटतं." सिल्व्हन गोल्डमन यांनी 1937 मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या आपल्या दुकानात पहिल्यांदा अशा गाड्या आणल्या, तेव्हा गिऱ्हाइकं त्यांना हात लावेनात म्हणून त्यांनी माणसं पगारावर ठेवून त्या दुकानात फिरवल्या होत्या, असं मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. इथे काकूंना मात्र त्या गाडीने उभं केलं होतं.

कार्टवरची पाटी मी काकांना वाचून दाखवली. मालक कोण, बाहेर न्यायची तर परवानगी कशी घ्यायची, विनापरवानगी नेणं हा राज्याच्या कायद्याचा भंग आहे, आणि परत करायला पत्ता किंवा फोन. कॅलिफोर्नियाच्या कलम 22435.2 मध्ये कायमची म्हणा वा तात्पुरती, मालकाला कार्टपासून वंचित करायच्या हेतूने ती बाहेर नेणं गुन्हा आहे. "परत आणणार होतो" एवढ्याने सुटका होईलच असं नाही. काका खाली मान घालून ऐकत होते. मला फार जड गेलं.

मग त्यांची नजर क्रेटकडे गेली. ते खाली बसले, कुंडी उचलून बाजूला ठेवली, क्रेट उलटा केला आणि चष्मा वर करून डेअरीचं नाव वाचलं.

"हा कचऱ्याजवळ पडला होता म्हणून उचलला. मी सांगलीकडं दूध संघाच्या डेपोवर 28 वर्षं काढली. रिकामा क्रेट जमा झाला नाही तर एजंटाच्या नावावर मांडायचो. ओरडायचो त्यांच्यावर. आणि आज मीच..." पुढे बोलले नाहीत. बंडीच्या टोकाने क्रेटला लागलेली माती पुसू लागले.

डेअरीच्या नोंदणीकृत नावाचा क्रेट विनापरवाना जवळ बाळगणं हाही इथे गुन्हाच आहे, पीनल कोडच्या कलम 565 प्रमाणे. त्याची परवानगी देणारी मी कोण? क्रेट ट्रकमध्ये चढला. कार्टही चढवावी लागली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

दुकानात परतल्यावर मी कायद्याचा पूर्ण मजकूर काढून बसले. पुढच्याच कलमात, 22435.3 मध्ये, साधी गोष्ट होती: मालकाची किंवा दुकानदाराची लेखी संमती असलेल्या गिऱ्हाइकाला हे लागू नाही. मी तो कागद मॅनेजरसमोर ठेवला. तो आधी नाहीच म्हणाला. उतारावर गाडी कलंडली, बाई पडली, तर जबाबदारी कोणाची? त्याचा प्रश्न खरा होता. मी म्हटलं, वॉकर विकत घ्यायला मुलाला सांगते, पण तो येईपर्यंत तरी ही बाई घरात कोंडून पडू नये. दोन दिवस घोळवून त्याने सही केली. एक कार्ट, तिचा नंबर, काकांचं नाव, आणि मुदत 30 सप्टेंबर.

मुलाने वॉकर आणला, पण काकूंनी कार्टच पसंत केली. परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकांनी हँडलला बांधला होता. रोज पाचच्या सुमारास दोघं यायची. कधी फक्त कोथिंबीर घ्यायची, तर कधी काहीच नाही.

29 सप्टेंबरला काका एकटेच आले. कार्ट धुऊन आणली होती. कागद सोडवून त्यांनी माझ्या हातात दिला आणि काउंटरपाशी तसेच उभे राहिले.

"काका, आणखी काही हवंय का?"

"जमा पावती दे की."

मी बिलाच्या कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं, 'ट्रॉली 1 नग, जमा', खाली तारीख घातली आणि सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या गाडीकडे गेले.