मळका हंस

"हा दिवा मळलाय. दुसऱ्यासारखा लखलखीत करून द्या," एवढं सांगून बाई जोडी टेबलावर ठेवून गेल्या. पॅरिसमधलं आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप तसं लहान, पण नेपोलियनच्या काळातले, एम्पायर शैलीचे सोनेरी भिंतदिवे इथे अधूनमधून येतात. या जोडीत पंख पसरलेला हंस, त्यातून फुटलेल्या दोन फांद्या आणि टोकांना मेणबत्तीच्या वाट्या.

खरं सांगते, आधी मलाही चकचकीतच बरा वाटला. आजीची समई चिंचेने घासत वाढलेली मी, पिवळीधमक म्हणजे चांगली, हेच डोक्यात!

मग दोन्ही उलटे केले. मळक्याची पाठ उघडी, तपकिरी ब्राँझची. कडेने तेवढे सोन्याचे ओघळ. पाऱ्यात कालवलेलं सोनं ब्रशने फासायचं आणि तापवून पारा उडवायचा, अशी ती पद्धत. त्या वाफेने कारागिरांचे हात थरथरायला लागायचे. दिसणार नाही त्या बाजूला कोण कशाला सोनं घालवेल? चकचकीत दिवा मात्र पाठीसकट, स्क्रूच्या भोकांच्या आतपर्यंत सारखा पिवळा. हे विजेने, हौदात बुडवून चढवलेलं सोनं. ती पद्धत 1840च्या सुमारास आली आणि नेपोलियनची गादी तर 1815लाच गेली.

पण जुन्या दिव्यावरही कुणी नंतर सोनं चढवून घेतं. म्हणून बारीक मोजमापाचा व्हर्नियर काढला. चोचीपासून शेपटीपर्यंत चकचकीत हंस तीन मिलिमीटर आखूड भरला. जुन्या दिव्यावरूनच साचा घेतला की ओतलेलं ब्राँझ थंड होताना आकसतं, आणि नक्कल मुळापेक्षा जराशी लहान निघते. भिंगाखाली मळक्याच्या पिसांची रेघन् रेघ छिन्नीने उठवलेली. दुसऱ्याची पिसं झिजल्या साबणासारखी.

बाईंना फोन केला. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, "म्हणजे मळका तोच जुना?"

साबणाच्या कोमट पाण्याने, कापसाच्या बोळ्याने दोन दिवस हलक्या हाताने पुसला. वाटीतलं मेण लाकडी काडीने काढलं. पंख मुद्दाम मंद ठेवलेले, मान तेवढी दगडाने घोटून चमकवलेली. मळाखाली ते सगळं शाबूत होतं.

बाई दोन्ही घेऊन गेल्या. जाताना जुन्याच्या पाठीमागे लाल दोरा बांधून घेतला, घर पुसायला येणाऱ्या बाईंनी पावडर लावू नये म्हणून.