डबल असेल तरच

परवा दुपारी देवघराचा खण आवरताना तळाशी वीस पैशांची पिवळी नाणी सापडली, कमळाची. आई ती लक्ष्मीपूजनाला चांदीच्या रुपयाशेजारी मांडायची. एकदा शेजारच्या काकूंनी त्यातलं एक मागितलं. "न्या की, माझ्याकडे डबल आहेत," असं म्हणून आईने खणात बराच वेळ चाचपलं आणि सगळ्यात झिजलेलं, पाकळ्या पुसल्या गेलेलं नाणं शोधून त्यांच्या हातावर ठेवलं. औदार्याचं हे घराणं आमच्याकडे जुनंच. मीही वाड्याच्या ओट्यावर काडेपेटीचे छाप बदलायला बसले की फाटका कोपरा अंगठ्याखाली दाबून छाप पुढे करायचे. समोरचा बाब्या तरी कुठे कमी होता? त्याचा वाघ मधोमध फाटलेला असायचा आणि मागून भाताच्या शिताने चिकटवलेला.

म्हणूनच सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपातले नाणेवेडे मला परके वाटत नाहीत. अँटवर्पचा नकाशेवाला ऑर्टेलियस काय, तारागोनाचे आर्चबिशप आगुस्तीन काय, सगळ्यांना रोमन बादशहांची रांग पुरी करायची होती. हुबर्ट गोल्त्सियस तर १५५८ ते १५६० नाणी बघत देशोदेशी हिंडला आणि ज्यांचे संग्रह पाहिले त्यांची गावानुसार यादीच त्याने १५६३च्या पुस्तकात छापली. शेकड्यांनी नावं. आपलं नाव त्यात आहे की नाही हे प्रत्येकाने आधी बघितलं असणार, पुस्तक मग.

यातला माझा लाडका म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या एक्सचा पेरेस्क (१५८०–१६३७). रूबेन्ससारख्या चित्रकाराशीही त्याचा जुन्या वस्तूंवरून पत्रव्यवहार. अस्सल माल टपालात घालायला जीव होत नसे, म्हणून ही मंडळी वितळलेल्या गंधकात किंवा शिशात ठसा घेऊन तो पाठवत. पेरेस्ककडे अंगोरा मांजरं होती. पुस्तकांना उंदीर लागू नयेत म्हणून पाळलेली. पण एखादी जुनी वस्तू कुणी सोडत नसेल तर पिल्लू देऊ करायलाही तो मागेपुढे पाहत नसे. लोकरीसारख्या केसांचं पिल्लू आणि शेजारी हिरवा गंज चढलेलं एखादं भांडं! मी असते तर सरळ पिल्लू उचललं असतं.

सगळ्यांचं घोडं अडायचं ते ओथो या रोमन बादशहापाशी. या गृहस्थाने इसवी सन ६९ मध्ये जेमतेम तीन महिने राज्य केलं. डोक्यावर केसांचा टोप घालायचा, म्हणून नाण्यावरही केसांच्या ओळी सोऱ्यातून काढल्यासारख्या. त्याची सोन्याचांदीची नाणी मिळतात, पण रोमच्या टांकसाळीतून त्याचं तांब्या-पितळेचं नाणं निघालंच नाही. नसलेल्या गोष्टीला गिऱ्हाईक भरपूर, तेव्हा इटलीतल्या पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनो या कारागिराने ओथोचंही पितळी नाणं घडवलं. इतकं सुबक की जुनी नाणी त्यापुढे ओबडधोबड दिसावीत. कुणीतरी ते 'माझ्याकडे डबल आहे' म्हणून मित्राला दिलंही असेल. बाब्या आठवतो तो इथे.

आणि मग व्हायाँ. फ्रान्सच्या राजासाठी नाणी गोळा करणारा. १६७४ मध्ये तो अल्जियर्सच्या चाच्यांच्या हाती सापडला. काही महिन्यांनी सुटका झाली, परतताना पुन्हा चाच्यांचं जहाज मागे लागलं, तेव्हा याने जवळची सोन्याची नाणी सरळ गिळली. किनाऱ्याला लागल्यावर वैद्यांना विचारलं, तर त्यांच्यात एकमत होईना. पुढे ल्योंच्या मित्राला तो पोटातल्या नाण्यांचं वर्णन ऐकवत होता. त्यात ओथो आहे म्हटल्यावर मित्राने, सांगतात, तिथल्या तिथे सौदा ठरवला. माल अजून पोटातच! इसार दिला की नाही, कोण जाणे.

ओथोबद्दल मात्र हसता हसता थांबायला होतं. लढाई हरल्यावर त्याच्याकडे सैन्य उरलेलं होतं, माणसं लढायला तयारही होती. यापुढे माझ्यापायी रोमन माणसं मरायला नकोत म्हणून त्याने रात्री शांत झोप घेतली आणि पहाटे खंजीर छातीत खुपसून घेतला. वय छत्तीस. आणखी लढून आणखी वीस वर्षं राज्य केलं असतं, तर त्याची नाणी पोत्यांनी निघाली असती आणि व्हायाँने त्याला चाच्यांना खुशाल देऊन टाकलं असतं.